झाकणावरचं रिंगण

पेत्रोनेला स्वतःला ग्रोशेर बेटावरच्या दोन गोष्टींची मालकीण समजत असे. एक, दक्षिण टोकावरचं दगडांचं रिंगण. दुसरा, तिचा नवरा अल्गोत. दोन्ही तिच्या बापाने, साक्रिसने, तिच्या हवाली केले होते आणि दोन्ही ती एक्कावन्न वर्षं दर वसंतात नीट लावून ठेवत आली होती. नवऱ्याला कमी वेळ लागे. तो जागचा हलायचाच नाही.

रिंगण म्हणजे दिसायला फार मोठं काही नाही. माणसाच्या डोक्याएवढे दगड एकापुढे एक मांडलेले, गोलात गोल, आणि मधोमध एक सपाट शिळा. परक्याला वाटावं भूलभुलैया आहे. पण त्यात भुलायला जागाच नाही, वाट एकच. ती उजवीकडे नेते, वळवते, डावीकडे नेते, शिळेच्या अगदी जवळ आणून पुन्हा लांब ढकलते, आणि आता आपण बाहेर पडणार असं वाटू लागलं की मध्यावर आणून सोडते. जुन्या काळी हेरिंग पकडायला निघालेले लोक आधी इथे येत. त्यांच्या मागे वाऱ्याचे खुजे, वादळ उठवणारी बुटकी भुतं, लागतात हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं, पाद्री सोडून. आणि वादळात बोटीने परत जायचं असलं की पाद्रीही हळूच विचारून घ्यायचा. मच्छीमार रमतगमत वाटेने आत जायचा, खुजे त्याच्या मागोमाग. मध्यावर पोचला की तो दगडांवरून उड्या टाकत सरळ बाहेर पडायचा आणि धूम बोटीकडे. खुज्यांना दगड ओलांडता येत नाही. ते बिचारे वळणं घेत बसायचे संध्याकाळपर्यंत, आणि समुद्र तोवर शांत.

लग्नाचं मात्र वेगळं होतं. जिचं ठरायचं ती मुलगी भर उन्हाळ्याच्या सणाला मधल्या शिळेवर बसणार. मुलाने वाटेने आत जायचं आणि तिला पाठीवर घेऊन बाहेर यायचं. एकही दगड ओलांडायचा नाही, हलवायचा नाही.

"ज्याला फसवायचंय त्याने दगड ओलांडावा, ज्याला टिकायचंय त्याने वाट चालावी," असं पेत्रोनेला सांगे आणि सांगताना अल्गोतकडे बोट दाखवे.

मग तिची गोष्ट सुरू व्हायची. बेटावर ती ऐकली नाही असं माणूस नव्हतं, आणि मेंढ्यांपैकीही थोड्याच असतील. त्या वर्षी साक्रिस वसंतभर छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता, म्हणून बर्फाने विस्कटलेलं रिंगण त्याने सणाच्या आदल्या दिवशी कसंबसं मांडलं. सणाला धुकं पडलं. असं की पानाफुलांचा खांब कुठे रोवलाय ते फिडलवाल्याला सापडेना, तो धक्क्यावरच वाजवत बसला. वीस वर्षांची पेत्रोनेला शिळेवर बसली होती. मांडीत वेलदोड्याचे तीन पाव, अल्गोतसाठी. त्याची पावलं तिला ऐकू येत होती, जवळ, लांब, पुन्हा जवळ. मग ती थांबली. तिच्यापासून दोन हातांवर तो धुक्यात नुसता उभा राहिला, बटाटे उकडायला लागतात तेवढा वेळ. तेवढ्यात तिने तिन्ही पाव संपवले. आणि मग तो एकदम पुढ्यात उगवला, पाठ वळवली आणि म्हणाला, "बस." पोटात तीन पाव आणि मनात त्यांची लाज, म्हणून तिने डोळे घट्ट मिटून त्याच्या कॉलरमध्ये तोंड खुपसलं, ते बाहेर लोकांचा आवाज आल्यावरच काढलं.

"दोन हातांवर मी बसले होते," पेत्रोनेला सांगायची. "धुक्यात कोण बघणार होतं? पाय उचलला असता की झालं. पण नाही. तो तिथे उभा राहून माझा विचार करत राहिला आणि मग वाटेनेच आला. असा माणूस मिळाला मला."

गोष्ट इथवर आली की अल्गोतला हटकून जाळ्यांची आठवण व्हायची आणि तो उठून बाहेर जायचा. लाजतो, असं ती म्हणे.

साक्रिसने त्या सणाच्या आधीच्या हिवाळ्यात बर्चच्या लाकडाची एक गोल पेटी करून झाकणावर रिंगण कोरलं होतं. ती पेत्रोनेलाला लग्नात मिळाली. तिच्यात एक्कावन्न वर्षं पाव राहत होते. आदल्या उन्हाळ्यात शहरातल्या संग्रहालयाचा एक चष्मेवाला माणूस आला, तीन तास तिची बडबड लिहून घेतली आणि झाकणावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने रिंगण उतरवून नेलं. जाताना त्याने सांगितलं की फार दक्षिणेला एका बेटावरच्या राजानेही असंच काहीसं बांधलं होतं, आत बैलाच्या डोक्याचा एक प्राणी कोंडला होता, आणि एक वीर दोऱ्याचं टोक धरून आत गेला म्हणून परत येऊ शकला.

"त्या प्राण्याला चारा कोण घालायचं?" पेत्रोनेलाने विचारलं.

त्याच्या पुस्तकांत ते नव्हतं. मग दोऱ्याबद्दल ती म्हणाली, "एकाच वाटेला दोरा कशाला लागतो? आमच्याकडे ज्याचं मन जागेवर आहे तो मध्यावर पोचतोच. ज्याचं नाही तो परत येतो." हेही त्याने लिहून घेतलं. तसं खरं तर कुणी परत आल्याचं तिने पाहिलेलं नव्हतं. पण माणूस लिहून घ्यायला लागला की बोलणाऱ्याला चेव येतो.

यंदा मात्र बर्फाने घात केला. मेच्या सुरुवातीला समुद्रावरचं बर्फ फुटलं आणि वाऱ्याने रेटत टोकावर चढवलं. ते वितळून गेलं तेव्हा रिंगणाच्या जागी बटाट्याचं पोतं सांडावं तसे दगड पडले होते. दर वर्षी पाचपंचवीस दगड सरकलेले असत, तेवढे ती डोळे मिटून जागेवर ठेवी. यंदा पहिल्यापासून मांडायचं होतं. आणि यंदाच गुनवोर बसणार होती.

गुनवोर तिची नात. आईबाप गेल्यावर सहा वर्षांची असल्यापासून आजीआजोबांकडेच वाढलेली, आता तेवीस वर्षांची. तिने किनाऱ्यावरच्या गावातला सिक्सतेन पसंत केला होता. मालवाहू जहाजावर इंजिनाकडे असायचा, हातांना तेलाचा वास, बोलणं कमी. सणाच्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या बोटीने त्याला निघायचं होतं, पुढे चौदा महिने जहाज काही परत येणार नव्हतं. त्याच्या खिशात अंगठी तयार होती. पेत्रोनेलानेच आडवा पाय घातला.

"रिंगणातून आणलीस तर अंगठी घाल," ती म्हणाली. "नाही आणलीस तर चौदा महिन्यांनी आलास की बघू, मन जागेवर आहे का ते."

"आजी, तो काय नापास होणार आहे का," गुनवोर म्हणाली. "वाट एकच आहे ना?"

"तेच म्हणते मी. मग भीती कसली?"

सिक्सतेनने टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, मावशी."

अल्गोत म्हणाला, चार बायका मदतीला बोलावू. पेत्रोनेलाला राग आला. बायका म्हणजे शेजारची तेक्ला, आणि तेक्ला म्हणजे आयुष्यभर तुझा दगड वाकडा आहे म्हणून सांगणार. ती पेटी मांडीवर घेऊन, झाकणाकडे बघत बघत एकटीच मांडत राहिली. नऊ दिवस. गुडघे असे सुजले की दहाव्या दिवशी अल्गोतने तिला मासळीच्या ढकलगाडीतून घरी आणलं, आणि त्या गाडीतही ती ताठ बसली होती, राणीसारखी, खाली हेरिंगचे खवले. चालून बघायला गुडघे उरले नव्हते. मच्छीमारांचं म्हणाल तर आता मोटरबोटी आल्या होत्या, वारा रेडिओवर सांगत होते, खुज्यांना विचारतं कोण.

अल्गोत मात्र रिंगणाच्या तोंडाशी जरा वेळ उभा राहिला होता. "तोंड यंदा रुंद वाटतंय," तो म्हणाला.

एक्कावन्न वर्षांत रिंगणाबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. "ऐसपैस आहे," पेत्रोनेला म्हणाली. "आणि तुझं जरा बंद ठेव."

सणाला ऊन छान पडलं. खांब उभा राहिला, नाच झाला, शेपू घालून उकडलेले कोवळे बटाटे आणि खारवलेले हेरिंग पोटभर झाले, आणि चारच्या सुमारास सगळं बेट टोकावर जमलं. बायकांनी चुलीवर कॉफीची किटली चढवली. माणसं गवतात बसली, साखरेचा खडा दातांत धरून, बशीत ओतलेली कॉफी फुर्र करत. गुनवोर डोक्यावर डेझीचा मुकुट घालून शिळेवर जाऊन बसली. सिक्सतेनने कोट काढून घडी घालून ठेवला आणि आत शिरला.

तो चांगला चालत होता. दगडाला बूट न लावता, वळणावर जरा वाकून, एखाद्या अरुंद जिन्यावरून जड वस्तू नेल्यासारखा. गुनवोरच्या जवळून गेला तेव्हा तिने त्याला जीभ दाखवली. तो लांब गेला, वळला, पुन्हा जवळ आला. इतका जवळ की तिने हात पुढे केला असता तर कोपराला लागला असता. आणि मग वाट त्याला घेऊन पुन्हा बाहेर गेली, अजून बाहेर, आणि तोंडाशी जिथून शिरला तिथेच, हातभर डाव्या अंगाला, तो सगळ्यांसमोर बाहेर आला.

कुणीतरी फिसकन हसलं. सिक्सतेनने मागे बघितलं, मग आपल्या बुटांकडे बघितलं.

"मावशी, मी कुठे चुकलो?"

पेत्रोनेलाला स्वतःलाच धक्का बसला होता, पण एवढ्या लोकांसमोर धक्का बसल्याचं दाखवायची तिला सवय नव्हती. "चालताना विचार कसला करत होतास?" तिने विचारलं.

तो प्रामाणिक माणूस. "इंजिनाचा," म्हणाला. "पंपाचा एक वॉशर सकाळी बदलायचाय."

"ऐका," पेत्रोनेला लोकांना म्हणाली. "मी काय सांगत असते?"

लोक खो खो हसले. सिक्सतेनही हसला, कान लाल करून, आणि पुन्हा आत गेला. आता जरा हळू. पुन्हा गुनवोरजवळ, पुन्हा लांब, पुन्हा जवळ, आणि पुन्हा बाहेर.

या खेपेला हसणारे कमी होते.

"आजी, डास चावतायत," गुनवोर आतून म्हणाली. "मी उठून येऊ का?"

"हलू नकोस."

"किनाऱ्यावरची पोरं," मागून एक म्हातारा म्हणाला. "त्यांना रस्त्यावर पाट्या लागतात."

"पाटी लावा मग," तेक्ला म्हणाली. "मुलगी मध्ये आहे, इकडे बघ, अशी."

सिक्सतेन तिसऱ्यांदा आत जाण्याआधी पेत्रोनेलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, आता तिचाच विचार करतो." त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. पेत्रोनेलाने मान डोलावली, परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखी. पुढे कित्येक वर्षं ती मान तिला आठवली की ती एकटीच स्वयंपाकघरात स्वतःच्या टाळक्यात टपली मारून घ्यायची.

तो तिसऱ्यांदाही बाहेर आला. पाच वाजून गेले होते. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. चुलीवर किटली तेवढी खदखदत होती. काही म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघून मान हलवू लागल्या. चौदा महिने, आणि त्यानंतरही लोक म्हणणारच: तीनदा गेला, तीनदा परत आला, तिचं नशीबच तसं. असलं बोलणं बेटावर दगडापेक्षा जास्त टिकतं.

तेक्ला वाकून पेत्रोनेलाच्या कानाशी आली. "नेल्ला, तुझा एखादा दगड..."

"माझा दगड?" पेत्रोनेला म्हणाली. "हे बघ. बापाने कोरलंय. यातला एक दगड इकडचा तिकडे नाही." तिने सणासाठी आणलेली पावांची पेटी मांडीवर ओढली आणि लोणी लागलेलं बोट झाकणावर ठेवलं. "इथून शिरायचं. आता वळायचं. आता असं..."

हे झाकण तिने एक्कावन्न वर्षं पुसलं होतं, त्याला तेल लावलं होतं, पाहुण्यांना दाखवलं होतं. त्यावरून बोट मात्र आज पहिल्यांदा फिरत होतं. बोट वळलं, मागे आलं, मधल्या ठिपक्याच्या अगदी जवळून गेलं, पुन्हा लांब गेलं, आणि लोण्याचा माग ठेवत झाकणाच्या कडेवरून बाहेर पडलं.

तिने ते पुसून पुन्हा फिरवलं. पुन्हा बाहेर.

सिक्सतेनचं मन इंजिनात होतं म्हणे. मग या बोटाचं मन कुठे गेलं होतं? मधल्या ठिपक्याभोवती बापाने एक अख्खा गोल कोरला होता, कुठेही न तुटलेला, बांगडीसारखा. आत शिरायला फटच नव्हती. आणि जी फट तिथे हवी होती ती तोंडाशी जाऊन बसली होती, म्हणून तोंड ऐसपैस.

तेक्ला बघत होती. ती काही बोलली नाही, हे सगळ्यांत भयंकर.

पेत्रोनेलाला मग एकेक आठवू लागलं. तिच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाप इथे, या टोकावर, घामाघूम होऊन दगड हलवत होता. विचारलं तर म्हणाला, मेंढ्यांनी विस्कटलं. छातीचं दुखणं असलेला माणूस, मेंढ्यांनी विस्कटलं म्हणून एवढी घाई? त्याला कळलं होतं. झाकण बघून मांडलं आणि झाकणच चुकलं होतं. रिंगण त्याने सुधारलं, झाकण तेवढं मुलीच्या सामानात गेलं, आणि परत दे म्हणायला त्याची जीभ उचलली नसणार. ती कुणाची मुलगी होती ते तिला तेव्हा नीट समजलं.

आणि पलीकडे तेक्लाचा मेंढा उभा होता. दांडगा, शिंगं वळलेली, तोंडात गवत, सगळ्या वसंतात या टोकावर मोकळा चरलेला. किती सोपं होतं. मेंढ्यांनी विस्कटलं. कुणी नाही म्हणालं नसतं, मेंढा तर नाहीच. पेत्रोनेलाने तोंड उघडलंसुद्धा.

समोर सिक्सतेन एका गुडघ्यावर बसून बुटाची नाडी घट्ट करत होता. चौथ्यांदा आत जायला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं होतं ना, वाट एकच आहे, मन जागेवर असलं की माणूस पोचतो. त्याने ते खरं मानलं होतं आणि आपलंच मन तपासत होता.

"थांब रे," पेत्रोनेला म्हणाली. "तुझं मन जागेवर आहे. माझा दगड जागेवर नाही."

ती उठली. म्हणजे तेक्लाने एका बाजूने आणि पाद्रीने दुसऱ्या बाजूने उठवली. "मी चुकीचं मांडलंय," ती लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा काय, प्रत्यक्ष पाद्री शंभरदा गेला असता तरी बाहेरच आला असता. हसायचं असेल तर माझ्याकडे बघून हसा. मघाशी याच्यावर हसलात ते परत घ्या."

"मावशी, मी हसलो नव्हतो," पाद्री म्हणाला.

"हसला होतात. दात दिसले होते."

आणि मग तिने ते केलं जे तिने एक्कावन्न वर्षं कुणाला करू दिलं नव्हतं. काठी टेकत, दगडांवरून पाय टाकत, सरळ रिंगणाच्या मध्याकडे निघाली. मागून एक बाई "अगं बाई" म्हणाली. "खुजे सुटतील, मावशी," कुणीतरी ओरडलं. "सुटू देत," ती म्हणाली. "माझ्यावर खूश होतील." सहावा दगड तिला उंच पडला, तिने काठी पलीकडे टाकली आणि त्यावर बसून, घसरून, पाय पलीकडे नेले. बेटावरच्या लोकांनी अतिशय सभ्यपणे कॉफीच्या बशीत पाहिलं.

बांगडी तोडायला तीन दगड काढावे लागले, आणि ते तिने सिक्सतेनकडून तोंडाशी लावून घेतले. तिने आतून दाखवायचे, याने उचलून नेऊन ठेवायचे. आणि तो दगड हातात घेऊन वाटेवाटेनेच चालत होता, एकही न ओलांडता. "अरे, आता ओलांड," ती म्हणाली. "नको, मावशी," तो म्हणाला. "तुमचा भरवसा नाही."

गुनवोर हसता हसता शिळेवरून पडायच्या बेतात आली होती.

पावणेसहाला तो नव्याने आत शिरला. वळला, जवळ आला, लांब गेला, आता बाहेर पडणार असं वाटलं, सगळ्या बेटाने श्वास धरला, आणि तो मध्यावर येऊन गुनवोरसमोर उभा राहिला. पाठ वळवली. ती बसली. जाताना तिने वाकून आजीच्या डोक्यावर आपला डेझीचा मुकुट ठेवला, वाकडा. ते बाहेर पडले तेव्हा बोटीची पहिली शिट्टी झाली होती, आणि अंगठी धक्क्याकडे पळता पळता घातली गेली, आधी चुकीच्या बोटात. सगळं बेट त्यांच्यामागे धावलं, कॉफीच्या किटलीसकट.

पेत्रोनेला राहिली. शिळेवर बसली होती, डोक्यावर मुकुट, आणि गुडघे दोन्ही संपावर. हाका मारायला लाज वाटत होती. दिवसभरात एवढी एकच गोष्ट तिला लाजेची वाटायची राहिली होती.

अल्गोत तेवढा मागे उभा होता, रिंगणाच्या कडेला, पाइप हातात.

"मघाशी झाकण बघताना मला एक कळलं," ती म्हणाली. "आपल्या वेळचं रिंगणही असंच बंद होतं."

"हं."

"म्हणजे आत यायला वाट नव्हतीच."

"नव्हती."

"मग तू आत आलास कसा?"

अल्गोतने पाइप विझवून खिशात ठेवला. ते काम त्याने बराच वेळ केलं. "पाय उचलला," तो म्हणाला.

समुद्रावरून जरा वारा सुटला होता. खुजे असतील. पेत्रोनेलाची एक्कावन्न वर्षांची गोष्ट, तिच्या हजार सांगण्यांसकट, एक पाय उचलल्याबरोबर आडवी झाली होती.

"बटाटे उकडेपर्यंत उभा होतास तो," ती शेवटी म्हणाली. "माझा विचार करत नव्हतास?"

"दगडाचा करत होतो. जिथे फट हवी तिथेच तो बसला होता. ओलांडला तर तुझा बाप तंगडी मोडेल. नाही ओलांडला तर परत बाहेर, लोकांसमोर. आणि तू आत काहीतरी खात होतीस. आवाज येत होता. म्हटलं, अजून थांबलो तर मला काही उरत नाही."

"काही उरलं नव्हतं."

"ते पुढे कळलं."

"आणि एवढी वर्षं गप्प बसलास? मी जगाला सांगत फिरतेय. त्या चष्मेवाल्याने लिहूनसुद्धा नेलंय, माझ्या नावानिशी. तिकडे शहरात छापतील ते झाकण, आणि खाली माझी अक्कल."

"तू छान सांगायचीस," अल्गोत म्हणाला. "मध्येच काय बोलायचं? आणि तोंड रुंद आहे म्हणून सांगितलं ना यंदा."

"ज्याला फसवायचंय तो दगड ओलांडतो, असं मी तुझ्याच तोंडावर..."

"मी आत यायला ओलांडला, नेल्ला," तो म्हणाला. "बाहेर पडताना पुन्हा ओलांडला, पण तू पाठीवर होतीस. एकटा पळालो असतो तर गोष्ट वेगळी."

तिने मुकुट काढला, बघितला, पुन्हा घातला.

अल्गोत आला. कडेपासून सरळ, दगडांवरून, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जमेल तसे पाय उचलत. तिच्यापुढे येऊन त्याने जुन्या सवयीने पाठ वळवायला सुरुवात केली, तेवढ्यात त्याच्या कमरेतून कटकन आवाज आला, मग त्याने नुसता हात पुढे केला.

"कुठून नेऊ?" त्याने विचारलं.

पेत्रोनेलाने धक्क्याकडे पाहिलं. बोट निघाली होती. लोक रुमाल हलवून परत फिरले होते, आणि सगळ्यांत पुढे तेक्ला, डोळ्यांवर हात धरून इकडेच बघत.

"वाटेने," पेत्रोनेला म्हणाली. "लोक बघतायत."

तेव्हा ते वाटेने निघाले, तिचा हात त्याच्या हातात, त्याचा दुसरा हात स्वतःच्या कमरेवर. उजवीकडे गेले, वळले, थांबले, डावीकडे गेले. मध्ये एकदा तिने त्याला विचारलं की तीन पावांचं कुणाला बोललास का, आणि तो म्हणाला की तेक्लाला, पण फार पूर्वी. ते तोंडाशी पोचेपर्यंत सगळ्यांची कॉफी संपली होती आणि पेटीतले पावही. रिकाम्या पेटीवर तेक्लाने झाकण लावून ठेवलं होतं, रिंगण खालच्या बाजूला करून.